मधली फळी

शारजाच्या बाहेर, सजाच्या कॅम्पात
खोली नंबर नऊ. सहा खाटा.
खिडकी होती, तिच्यात एसीचं खोकं बसवलेलं,
म्हणजे खिडकी नव्हतीच.

आमचं काम परांची बांधायचं.
खाली शिवनेसन, मुल्लैतीवूचा.
वर धम्मिक, अनुराधपुराकडच्या कुठल्याशा तळ्याकाठचा.
मी देवगडचा, जमिनीवर, क्लिपा मोजणारा.
एकवीस फुटी पाइप हातातून हातात जायचा
आणि घेणाऱ्याने 'धरलं' म्हटल्याशिवाय
देणाऱ्याने सोडायचं नाही.
कंपनीच्या सगळ्या नियमांत आम्ही पाळलेला हा एकच.

गंमत अशी की
पाइप वर चढवताना धम्मिक तमिळमध्ये ओरडायचा, 'पिडिच्चाच्चु!'
उतरवताना शिवनेसन सिंहलीत, 'ॲल्लुवा!'
एकमेकांचा शब्द उष्टा करून घेतलेला.
पातेलं एक, खोबऱ्याची खवणी एक,
आणि माझं सुकट दोघांनाही घाणेरडं वाटायचं,
त्यावर त्यांचं एकमत.

मग तो एप्रिल.
शिवनेसनची बहीण, कलैवाणी, खाजणाकाठच्या वाळूवर,
दोन पोरांसकट. फोन लागेना.
धम्मिकचा भाऊ सुपुन सैन्यात,
त्याचा फोन मात्र यायचा: खाजण आता दिसतंय.
शिवनेसन रोज कार्ड खरवडायचा,
नखात चंदेरी भुकटी,
त्याच नखांनी भात कालवायचा.

एका रात्री तो म्हणाला,
भावाला विचारशील? चर्चच्या मागे विहीर आहे,
तिथे निळ्या ताडपत्रीखाली असतील.
फक्त विचार, दिसले का.

धम्मिक दोन दिवस गप्प.
तिसऱ्या दिवशी बूट काढता काढता म्हणाला,
माझ्या भावाने काही केलेलं नाही.

तसं कोणी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री पातेली दोन झाली.
खवणी कोणीच घेतली नाही, ती माझ्या खाटेखाली आली.

मे महिन्यात बारा नंबरच्या पोरांनी
युद्ध जिंकलं म्हणून दुधातला भात रांधला,
शंकरपाळ्यासारख्या वड्या कापून खोलीखोलीत वाटला.
आमच्याही दारात एक थाळी आली.
सुपुनचा फोन बंद होऊन तेव्हा आठ दिवस झाले होते.
धम्मिकने थाळी घेतली, फ्रिजवर ठेवली,
तोंड भिंतीकडे करून झोपला.
शिवनेसनने ती हलवली नाही.
मी टाकली नाही, खाल्लीही नाही.
चार दिवसांत तिला पिवळी खपली धरली.

मुकादम चाकोला या सगळ्याचं काय?
त्याला टाकी पंधरवड्यात हवी होती.
मीच म्हटलं, मला मधल्या फळीवर घाल, माझी पाठ दुखते.
वर चढायला पाठदुखीचं कारण!
तो हसला, पण घातलं.
खालून शिवनेसन द्यायचा, मी म्हणायचो धरलं,
वरून धम्मिक घ्यायचा, काहीच म्हणायचा नाही,
मग त्याच्याही वाटणीचं मीच म्हणायचो, धरलं,
आणि माझे हात माझ्याच शब्दावर सोडायचे.
रात्री झोपेतही म्हणतो, असं शेजारचा नेपाळी सांगायचा.

एक दिवस उन्हाने मला भोवळ आली.
खाली सावलीत बसवलं, मिठाचं पाणी दिलं.
वर पाहिलं तर मधली फळी रिकामी
आणि पाइप दोघांच्या हातात.
कोणी सोडेना. कोणी बोलेना.
चाको खालून शिव्या घालत होता मल्याळममध्ये.
लोखंड तापलेलं, हातमोजे फाटके,
तरी ते तसेच, एकमेकांकडे न बघता,
एकवीस फूट ओझं मध्ये धरून.

किती वेळ, सांगता येत नाही. क्रेनचा भोंगा वाजत होता.
धम्मिकचे ओठ हलल्यासारखे वाटले,
की धूळ थुंकला असेल.

शिवनेसनने हात सोडले.
पाइप वर गेला.

दुसऱ्या दिवशी चाकोने विचारलं, पाठ कशी आहे?
मी म्हटलं, बरी आहे,
आणि जमिनीवर बसून क्लिपा मोजायला लागलो.
खवणी अजून माझ्याच खाटेखाली होती.